काय उरलं विचारणाऱ्या बाई

माझं सगळं आयुष्य काटे नीट करण्यात गेलं. पायात रुततात ते नव्हे, वजनाचे. औषधाच्या दुकानातला एवढासा काटा, मासेवाल्याचा ओला काटा, गोदामातला तो भला मोठा, ज्यावर मालाने भरलेली गाडीच्या गाडी उभी राहते, सगळे माझ्या हाताखालून गेले. बाजारात मला काटेकाका म्हणायचे. ‘काटेकोर’ हा शब्द ह्यांच्यावरूनच निघाला असणार, असं आमची ही चारचौघांत सांगायची, आणि ते काही कौतुकानं सांगायची नाही.

तर असा मी. चाळीस वर्षांत एका गुंजेचा खोटेपणा केला नाही. एकदाच केला, तोही स्वतःच्या घरातल्या काट्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. ते सांगायला लाज वाटते. पण ते सांगितल्याशिवाय त्या बाईंबद्दल सांगता येत नाही, आणि त्यांच्याबद्दल मला सांगायचंच आहे.

ही गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मुलगी आगगाडीनं सहा तासांवर राहते. ती रोज संध्याकाळी फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला, “बाबा, जेवलात का?” माझं उत्तरही ठरलेलं, “झालं.” फार सोयीचा शब्द आहे हा. काय झालं, किती झालं, कधी झालं, कुणी पुढे विचारत नाही. प्रत्यक्षात काय, तर कधी ओट्याशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच दोन चमचे भात, कधी दुधात बुडवून दोन बिस्किटं, कधी तेही नाही. टेबलाशी बसलं की समोर हिची खुर्ची दिसायची. उभ्यानं खाल्लं की दिसत नव्हती, एवढंच.

मग एकदा खोकल्याचं निमित्त झालं आणि मी आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या नर्सनं वजन केलं. एक्कावन्न. वर्षापूर्वी एकसष्ट होतं. तिनं मला काही न विचारता सरळ मुलीला फोन लावला. संध्याकाळी मुलीचा आवाजच वेगळा होता.

“बाबा, आता पन्नासच्या खाली गेलात तर घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. कायमचं. आणि यावर वाद नको.”

पोरगी मायेनं बोलत होती, मला कळत का नव्हतं? पण तिचं घर नवव्या मजल्यावर. तिथं माझं कामाचं टेबल कुठं ठेवणार? इथं मागच्या खोलीत माझी हत्यारं आहेत, पाच ग्रॅमपासून दहा किलोपर्यंतची वजनं ओळीनं लावलेली आहेत, आणि हिची ती खुर्ची आहे, जिच्याकडे बघवत नाही आणि जिच्यावाचून राहवतही नाही. इथून हललो की आपण संपलो, असं मला अगदी आतून वाटत होतं. ठरलं ते असं की केंद्राकडून एक बाई आठ आठवडे रोज येतील, माझ्या जेवणाचं बघतील, दर रविवारी वजन करून कार्डावर लिहितील. आठव्या रविवारी शेवटचं वजन आणि खाली बाईंची सही. त्यावरून काय ते ठरणार.

बाई यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरातल्या काट्यावर उभा राहिलो. वर उभं राहायचा साधा, गोल तबकडीचा काटा. एकोणपन्नास! पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. काटा कशाला ऐकतोय? मीच लावलेला होता तो.

मग मी स्क्रू-ड्रायव्हर आणला, काटा पालथा घातला आणि आतल्या स्प्रिंगचा स्क्रू उजवीकडे तीन फेरे पिळला. रिकामा असला की शून्यच दाखवणार, पण माणूस चढला की थोडं जास्त बोलणार. एकोणपन्नासचे बावन्न. झालं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला बाई दारात हजर. पन्नाशीच्या आसपास, ठेंगणा बांधा, केस घट्ट बांधलेले, खांद्याला मोठी कापडी पिशवी. मला वाटलं आता आल्या आल्या विचारणार, जेवलात का. मी ‘झालं’ जिभेवर तयार ठेवलं होतं. पण बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, मग फ्रिज उघडला, मग ओट्यावरचं पातेलं.

“काका, काल काय काय उरलं?” त्यांनी विचारलं.

“हा काय प्रश्न झाला?” मी भडकलो. आमच्या नाकावर राग ठेवलेलाच असतो. “लोक काय खाल्लं ते विचारतात.”

“खाल्लेलं कुणीही सांगतं. उरलेलं मला दिसतं.” पातेलं माझ्यासमोर तिरपं करून त्या म्हणाल्या, “हा भात परवाचा आहे. ह्याला दोनदा चमचा लागलाय.”

मनात म्हटलं, ही बाई आपल्याला पुरून उरणार. त्या दिवसापासून मी त्यांना उरलंबाई म्हणायला लागलो. आधी मनातल्या मनात, मग तोंडावर. त्या हसायच्या.

रविवारी मी काट्यावर चढलो. बावन्न. बाईंनी कार्डावर लिहिलं. मुलगी फोनवर म्हणाली, “वा बाबा!” आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता बाईंचं काम सांगतो. त्यांनी पहिल्या आठवड्यात एकही नवीन वस्तू मला खायला घातली नाही, फक्त सामान हलवलं. टेबल भिंतीला लावलेलं होतं ते ओढून खिडकीशी नेलं, म्हणजे हिची खुर्ची माझ्या समोर न येता बाजूला आली. माझी मोठी पांढरी ताटली कपाटात ठेवून दिली आणि स्वतःच्या पिशवीतून एक लहान निळी ताटली काढली.

“हे काय, मी काय अंगणवाडीतला आहे?”

“मोठ्या ताटलीत वाढलं की तुम्ही बघूनच दमता. आणि पांढऱ्या ताटलीत पांढरा भात तुम्हाला नीट दिसत तरी होता का?”

खरं सांगायचं तर दिसत नव्हता. मला वाटायचं संपला, आणि कडेला उरलेला असायचा. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, माझी मलाही कळली नव्हती.

मग दात. पाच ग्रॅमच्या वजनांच्या डबीमागे मी कवळी लपवून ठेवली होती. झाडताना ती बाईंच्या हाती लागली. मला म्हणाल्या, “काका, हे दात तुम्ही कुणाला वजन करून विकणार आहात का?” मी म्हटलं, ती टोचते, हिरडीला फोड येतो, नको मला. आता सांगायला काय हरकत आहे, कवळीसुद्धा सैल झाली म्हणायची मला लाज वाटत होती. माणूस बारीक झाला की हिरडीही बारीक होते म्हणे. मंगळवारी बाई मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथं मी वीस मिनिटं कुरकुर केली आणि पाच मिनिटांत काम झालं. त्या दिवशी दोन वर्षांनी मी सफरचंद चावून खाल्लं. चावण्याचा आवाज कानात आला आणि डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी दुसरीकडे बघत ओटा पुसायला घेतला, त्याबद्दलही मी त्यांचा ऋणी आहे.

खाणं मात्र अजून चार घासांवर अडायचं. बाई सूपमध्ये लोणी घालत, कुस्करलेल्या बटाट्यात अंडं दडवत, दुधात दुधाची पावडर कालवत. म्हणायच्या, तुमची भूक एवढीशी, मग त्या एवढ्याशात जास्त माल भरायचा. पण चौथ्या घासानंतर माझा हात आपोआप खाली यायचा. समोर गप्प बसून कुणी आपल्या तोंडाकडे बघत असलं की घास गिळवतो कुणाला?

हे त्यांनी ओळखलं. एके दिवशी मी चमचा ठेवणार तोच त्या म्हणाल्या, “काका, काटा खोटा आहे हे ओळखायचं कसं हो?”

चमचा माझ्या हातातून सुटता सुटता राहिला. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. वाटाणे सोलत होत्या.

“का?” मी विचारलं.

“आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यावर माझा संशय आहे.”

मग काय! दोन वर्षं मला कुणी माझ्या कामाचं काही विचारलं नव्हतं. मी सुरू झालो. तर बाई बोट वर करून म्हणाल्या, “आधी घास. एक घास, एक उत्तर.” त्या दिवसापासून तीच पद्धत पडली. त्या प्रश्न विचारायच्या, मी घास घ्यायचो, मग सांगायचो. तराजूचा दांडा वाकला तर काय होतं, वजनाला गंज चढला तर ते हलकं होतं की जड, गोदामातल्या काट्याखाली एकदा मांजरीनं पिल्लं कशी घातली आणि तीन दिवस सगळ्या मालाचं वजन कसं चुकत होतं. त्या पोट धरून हसल्या. मीही हसलो, आणि बघतो तर ताटली रिकामी.

स्प्रिंगच्या काट्याचंही त्यांनी विचारलं. मी पूर्ण शिकवलं. स्वयंपाकघरातला छोटा काटा उघडून दाखवला. “हा स्क्रू उजवीकडे फिरवला की काटा जड बोलतो, डावीकडे फिरवला की हलका.” एवढं शहाणपण पाजळताना आपण स्वतःच काय करून ठेवलंय ते मी कसा विसरलो, देव जाणे. गुरुजींच्या तोऱ्यात होतो, दुसरं काय.

रविवारमागून रविवार गेले. काटा बावन्नवर, कधी किंचित वर, की पुन्हा बावन्न. म्हणजे मनातल्या हिशेबानं खरं वजन एकोणपन्नासच. मला कळेना. एवढं खातोय तर जातंय कुठं? पँट कमरेला आवळायला लागली होती, तर मला वाटलं धुऊन आटली. पट्टा एक भोक सैल केला, तर वाटलं चामडं वाळलं. आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवलेला माणूस मी, कमरेवर कसा ठेवणार? मागच्या खोलीतली वजनं आणून काटा तपासायचं माझ्या मनात यायचं, पण त्या वजनांना हात लावायची मला शरम वाटत होती. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?

आठवा रविवार आला. मुलगी सकाळच्या गाडीनं आली. केंद्राचा कागद तिच्याच हातात होता. मी काट्यावर चढलो. साडेबावन्न.

“बाबा!” मुलीनं मला मिठीच मारली. “आता काही कुठं जायला नको. बाई, एवढी सही करा.”

बाईंनी टेबलाशी वाकून पेनाचं टोपण काढलं. मी खांद्यावरून कागद वाचला. खाली छापलेलं होतं, ‘वरील वजन मी स्वतः पाहून लिहिले असून ते खरे आहे.’

मनातल्या मनात गुणाकार-भागाकार झाला होता. खरं वजन साडेएकोणपन्नास, पन्नासच्या खाली. गप्प बसलो तर घर राहतं. बोललो तर नववा मजला. पण गप्प बसलो तर या बाईंची सही माझ्या खोट्या वजनाखाली पडणार होती. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या काट्यांवर शिक्का मारला, तो शिक्का म्हणजे माझं नाव होतं. जिनं मला बसून जेवायला शिकवलं तिचं नाव मी खोट्याला लावू?

“थांबा,” मी म्हणालो. “सही करू नका. काटा खोटा आहे.”

मी मागच्या खोलीत गेलो आणि दहा किलोची दोन वजनं एकेक करून उचलून आणली. येताना सांगत होतो, थांबलो तर पुढे सांगवलं नसतं. “मी आत स्क्रू पिळलाय. तीन फेरे. बाई यायच्या आधीच. मला इथून जायचं नव्हतं ग पोरी. आता बघ, वीस किलो ठेवतो, एकवीसच्या वर दाखवेल.”

दोन्ही वजनं काट्यावर ठेवली. काटा थरथरला आणि थांबला.

वीस. बरोब्बर वीस.

मी गुडघ्यावर बसलो, चष्मा पुसला, परत बघितलं. वीसच. वजनं काढून परत ठेवली. वीस.

“काका,” बाई हळूच म्हणाल्या, “मी पहिल्याच रविवारी स्वतः चढून बघितलं होतं. माझं वजन बासष्ट. तुमच्या काट्यावर सहासष्टला टेकले. एका आठवड्यात चार किलो वाढायला मी काही तुमचं सगळं उरलेलं खाल्लं नव्हतं.”

“मग?”

“मग स्क्रू कुठला आणि कुठं फिरवायचा ते तुम्हीच शिकवलंत की. दर आठवड्याला अर्धा फेरा डावीकडे. सहा आठवडे. जसं तुमचं वजन वाढत गेलं तसा काटा खाली आणला, म्हणून तुम्हाला सारखं बावन्नच दिसत होतं. आजचे साडेबावन्न खरे आहेत.”

मला खालीच बसावंसं वाटलं, पण मी आधीच खाली बसलेलो होतो. चाळीस वर्षांचा काटेवाला, आणि त्याला त्याच्याच काट्यानं बनवलं! मुलगी हसत होती की रडत होती कळेना.

“तुला माहीत होतं?” मी तिला विचारलं.

“बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी तर लगेच गाडीत बसणार होते. त्या म्हणाल्या, ताई, मला सहा आठवडे द्या.”

“मला का नाही सांगितलंत?” मी बाईंवर खेकसलो. खरं तर मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते.

“तुम्हाला खोटं पाडलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दारच उघडलं नसतं,” त्या म्हणाल्या. “माणूस शरमला की पहिलं जेवण सोडतो. मी पाहिलंय खूप घरांत.” मग पेन उचलून त्यांनी सही केली, ठळक, पूर्ण नावाची. मी आयुष्यात बरेच शिक्के पाहिले, पण इतक्या खात्रीनं मारलेला पाहिला नाही.

आणि मी त्यांना म्हणालो, तेही सगळ्यांसमोर, कारण मनात ठेवून त्याचं लोणचं घालायचं का? “बाई, तुमचे उपकार मी फेडू शकत नाही. माझं घर तुम्ही राखलंत, आणि माझी लाजही.” त्यांनी मान खाली घातली आणि पिशवी आवरायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दुसरं घर होतं, तिथं म्हणे कुणी आजी नुसत्या चहावर राहत होत्या.

मुलीनं टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. बाई दाराशी चपला घालत होत्या. आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “बाई, तुम्ही जेवलात का?”

“झालं,” त्या म्हणाल्या. वर न बघता.

ते ‘झालं’ मी ओळखलं. अहो, दोन वर्षं मी तेच तर बोलत होतो! आठ आठवडे ही बाई माझ्या समोर बसून माझे घास मोजत होती, आणि एकदाही मी विचारलं नव्हतं की तुमच्या पोटात काही आहे का. माझीच मला चीड आली.

“घरी कोण कोण असतं तुमच्या?”

चपलेच्या बंदात बोट अडकलं होतं ते त्या सोडवत राहिल्या. “कुणी नाही आता.”

मी उठलो. कपाटातून माझी ती मोठी पांढरी ताटली काढली, पुसली, आणि हिच्या खुर्चीसमोर ठेवली. दोन वर्षांत त्या जागी कुणी बसलं नव्हतं.

“बसा,” मी म्हणालो.

“अहो काका, उशीर होईल...”

“होऊ द्या. आणि आता दर रविवारी दुपारी इथंच यायचं जेवायला. काय उरलं ते मी बघणार आहे.”

बाईंनी चपला काढल्या, पिशवी दाराशी टेकवली आणि हिच्या खुर्चीत बसल्या. मुलीनं वाढलं. मी पट्ट्याचं भोक अजून एक सैल केलं आणि विचारलं, “बरं, त्या भाजीवाल्याच्या काट्याचं पुढं काय झालं?”

“तसा कुणी भाजीवाला नाहीच हो,” बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

“आधी घास,” मी म्हणालो, आणि त्यांनी घेतला.